खलनायक लहान असताना

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी रोह्याला ताईकडे बसलो होतो. बाहेर उकाडा असा, की कुंडलिकेवरून वारा यायचाही कंटाळा करत होता. भाचा कॉटवर लोळत मोबाइलवर ‘स्टार ट्रेक’ बघत होता. मध्येच त्यानं कानातलं काढलं आणि म्हणाला, “मामा, खलनायक आपल्याकडचाच निघाला की रे!”

खलनायकाचं नाव खान नूनियन सिंग. ‘स्टार ट्रेक’ची जुनी मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही लागायची, पण आमच्या पिढीला लक्षात राहिला तो टोकदार कानांचा स्पॉक. खान मूळ मालिकेच्या एकाच भागात होता. १६ फेब्रुवारी १९६७ रोजी अमेरिकेत दाखवलेल्या त्या भागात अवकाशात भरकटलेलं एक जुनं यान सापडतं. आत माणसं गोठवल्यासारखी झोपलेली असतात आणि त्यांचा पुढारी दोन शतकांनी डोळे उघडतो, तो खान. कथेनुसार तो उत्तर भारतातला, बहुधा शीख. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोन्टलबाननं केली होती. खान माणसांच्या निवडक पैदाशीतून घडवलेला ‘सुधारित’ माणूस. ताकद जास्त, बुद्धी जास्त आणि महत्त्वाकांक्षा त्याहून जास्त. १९९२ ते १९९६ या काळात त्यानं पाव जगावर राज्य केलं, असं ती मालिका सांगते. १९६७ साली १९९२ फार दूर वाटत असणार.

१९८२ मध्ये तो चित्रपटातून परतला, २०१३ मध्ये पुन्हा. भाचा बघत होता तो भाग जून २०२३ चा. यात खान येतो तो लहान मुलगा म्हणून. त्याची दूरची वंशज असलेली एक अधिकारी कालप्रवास करून एकविसाव्या शतकातल्या टोरांटोत पोचते. एका संस्थेत एका खोलीत तो पोरगा एकटा. त्याच्या हातून पुढे काय होणार, हे तिला ठाऊक आहे. आडनावापायी तिनं आयुष्यभर टोमणे खाल्ले आहेत. तिला त्याला मारता येतं. ती मारत नाही.

“मी असतो तर काय केलं असतं कोण जाणे,” भाचा म्हणाला आणि पुन्हा कानात घातलं. ताईनं तळलेली मिरगुंडं पुढ्यात ठेवली, पण त्यानं हात लावला नाही. त्याला खरी काळजी वेगळीच होती, आणि ती आम्हा तिघांनाही माहीत होती. ती सांगण्याआधी मालिकेतल्या विज्ञानाचा हिशेब करून टाकतो.

खान गोठून परत आला, हे शक्य आहे का? अख्खा माणूस गोठवून पुन्हा जिवंत करणं आजही जमलेलं नाही. पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींची आवरणं फाडतात. गंमत अशी, की तो भाग दाखवला गेला त्याच्या महिनाभर आधी, १२ जानेवारी १९६७ रोजी, जेम्स बेडफोर्ड नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाचं शव भविष्यात जिवंत होण्याच्या आशेनं गोठवण्यात आलं. ते अजून ॲरिझोनात तसंच आहे. जे जमतं ते फार लहान आकारात जमतं. काही दिवसांचा, शे-दोनशे पेशींचा भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. २०२२ मध्ये अमेरिकेत जुळी मुलं जन्मली, ती १९९२ साली गोठवलेल्या भ्रूणांपासून. खानला १९९२ मध्ये सत्ता मिळाली नाही, पण त्या वर्षी गोठवलेली दोन बाळं खरोखरच तीस वर्षांनी रडत जगात आली.

दुसरा प्रश्न ‘सुधारित माणसा’चा, आणि इथे मला मालिकेपेक्षा इतिहास जास्त भीतिदायक वाटतो. खान लेखकांच्या डोक्यातून उगवला नाही, त्याचा बाप आधीच अस्तित्वात होता. त्याचं नाव सुप्रजननशास्त्र. ‘चांगल्या’ वंशाच्या लोकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, ‘वाईट’ वंशाच्यांनी घालूच नयेत, हा विचार एकेकाळी विद्यापीठांत शिकवला जाई. १९२७ हे एकच साल घ्या. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या एका तरुणीची सक्तीनं नसबंदी करायला मान्यता दिली. त्या देशात अशा साठ हजारांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था उघडली. आणि त्याच वर्षी आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी भारतात सुप्रजननाची चळवळ व्हावी म्हणून इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. होय, तेच आपले कादंबरीकार फडके. त्या काळी संततिनियमनाची पुरोगामी बाजू मांडणाऱ्या पुष्कळांना हा विचार आधुनिक वाटे. खलनायक पहिल्या भागात बहुतेक वेळा सुटाबुटातच येतो.

बर्लिनच्या त्या संस्थेत पुण्याहून एक मुलगी शिकायला गेली, इरावती कर्वे. महर्षी कर्व्यांची सून. तिचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर. डोक्याच्या कवटीची डावी-उजवी बाजू असमान असते, ही असमानता वंशानुसार बदलते आणि त्यावरून युरोपीय श्रेष्ठ ठरतात, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी असमानतेचा काही संबंध निघाला नाही. त्यांनी तसं प्रबंधात लिहिलं. गुरूला नको असलेलं उत्तर त्याच्याच संस्थेत, परक्या देशात, विशी-पंचविशीतल्या मुलीनं लिहावं याला केवढं धैर्य लागलं असेल! पुढे १९३३ मध्ये नाझींनी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, सुमारे चार लाख लोकांवर तो चालवला, आणि फिशर यांच्यासारख्यांनी त्या राजवटीला विज्ञानाचा शिक्का पुरवला. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून इरावतीबाई आपल्याला माहीत असतात. शाळेच्या पुस्तकात या कवट्यांचाही धडा असायला हरकत नाही.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. हेतू लोकसंख्या कमी करण्याचा होता, वंश सुधारण्याचा नव्हे, पण आणीबाणीत ते ओझं कोणाच्या अंगावर पडलं हे सगळ्यांना आठवतं. आणि आपली घरगुती, न बोलता केलेली ‘निवड’ म्हणजे मुलगी नको. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. पहिलं का व्हावं लागलं, तेही लक्षात ठेवावं.

आता ताईच्या घरातली गोष्ट.

भाचा थॅलेसेमिया मायनर आहे. लहानपणापासून त्याचं हिमोग्लोबिन दहा-अकराच्या पुढे जात नसे. एका दवाखान्यात त्याला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. मामा डॉक्टर असून माझ्याही लक्षात आलं नाही, हे कबूल करतो. खरं तर साध्या रक्त तपासणीत खूण असते. लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ८० च्या खाली आणि पेशींची संख्या मात्र भरपूर, असं दिसलं की ‘एचपीएलसी’ ही तपासणी करावी. त्यात हिमोग्लोबिन ए-टूचं प्रमाण साडेतीन-चार टक्क्यांवर गेलं तर व्यक्ती मायनर. आजार असा नाही. माणूस नोकरी करतो, क्रिकेट खेळतो, ऐंशी वर्षं जगतो.

अडचण येते ती जोडीदारही मायनर असेल तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळ थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक. पन्नास टक्के वेळा ते आईबापांसारखं मायनर आणि उरलेल्या वेळी पूर्ण निरोगी. ‘तीन मुलं चांगली झाली की चौथं आजारी’ असा हा हिशेब नाही. दर वेळी नव्यानं फासा पडतो. मेजर असलेल्या बाळाला सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान रक्त कमी पडू लागतं, आणि मग आयुष्यभर तीन-चार आठवड्यांनी रक्त, त्यातून साठणारं लोह काढायला रोजची औषधं. भारतात दरवर्षी अंदाजे दहा हजार अशी मुलं जन्मतात.

भाच्याचं लग्न पेणच्या मुलीशी ठरलं होतं. साखरपुडा झाला होता. तपासणीचा आग्रह मी धरला, आणि त्या शनिवारी आम्ही तिच्या रिपोर्टची वाट बघत होतो. संध्याकाळी तिनंच फोन केला. तीही मायनर.

ताईचं पहिलं वाक्य होतं, “मोडू या. रक्तच खराब असेल तर पुढे काय?” मला राग आला नाही. माझ्याच मुलाचं असतं तर मीही कदाचित तेच म्हटलं असतं. पण ‘रक्त खराब’ हा शब्द खटकला, कारण तो वैज्ञानिकदृष्ट्याही चुकीचा आहे. हा जनुकदोष हजारो वर्षं टिकला कशामुळे? तो अंगात असणाऱ्यांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळे. दलदल, भातखाचरं आणि डास जिथे, तिथे हा दोष म्हणजे कवच होतं. सुप्रजननवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी तो ‘साफ’ करायचं ठरवलं असतं, तर कदाचित आपल्यातल्या काहींचे पूर्वज लहानपणीच तापानं गेले असते. शिवाय उंचीसारख्या साध्या गोष्टीमागे जनुकसंचातल्या सुमारे बारा हजार जागा आहेत, असं ५४ लाख लोकांच्या २०२२ मधल्या अभ्यासात दिसलं. तर बुद्धिमान भ्रूण निवडून देतो म्हणणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या जाहिरातींवर किती विश्वास ठेवायचा, ते वाचकांनी ठरवावं. त्यांचा आधार असलेली माहितीही बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. रोहेकरांची नव्हे.

दुसऱ्या दिवशी मेमूनं पेणला गेलो. मुलीच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना आहे. मेमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. साच्यातून काढलेल्या मूर्ती ओळीनं वाळत होत्या, सगळ्या एकसारख्या. कोपऱ्यात मुलगी आणि भाचा बसले होते. मी कागदावर चौकोन आखून चारात एकचा हिशेब समजावला. मग पर्याय सांगितले. दोघांचा नेमका जनुकदोष आधी डीएनए तपासणीत शोधून ठेवायचा. गर्भ राहिल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा तपासून बाळाची स्थिती कळते, आणि पुढे काय करायचं ते आईनं ठरवायचं. कायदा त्याला वाव देतो. दुसरा मार्ग टेस्ट ट्यूबचा. गर्भाशयात सोडण्याआधीच भ्रूण तपासायचा. आपल्या २०२१ च्या कायद्यानुसार ही तपासणी आनुवंशिक आजारासाठीच करता येते, रंग किंवा लिंग निवडायला नाही. तिसरा मार्ग दत्तक घेण्याचा. चौथा म्हणजे मूल नको.

“आणि ते जीन कापतात ते?” भाच्यानं विचारलं. मालिका डोक्यात होतीच.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हटलं. आजारी माणसाच्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, क्रिस्परनं दुरुस्त करून परत घालायच्या, हे उपचार सिकल सेल आणि थॅलेसेमियासाठी २०२३ च्या अखेरीपासून ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाले. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपल्याला चंद्रावर जाण्यासारखंच. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत सिकल सेलसाठी स्वस्त देशी पद्धतीवर काम चालू आहे. तो बदल त्या रुग्णापुरता राहतो. भ्रूणातच जनुक बदललं तर ते पुढच्या साऱ्या पिढ्यांत उतरतं. चीनच्या हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये तसं करून मुली जन्माला घातल्या आणि तीन वर्षं तुरुंगात काढली. भारतात आयसीएमआरच्या नियमावलीनुसार त्यावर बंदी आहे.

मुलगी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे कोणी आम्हाला सांगणार नाही ना, की तुम्ही मूल होऊ देऊ नका?”

“नाही. सांगितलं तर ऐकू नका.”

तपासणी आणि सुप्रजनन यांच्यातली रेघ मला तरी इथेच दिसते. माहिती द्यायची, आणि निर्णय त्या दोघांचा. सरकारचा नाही, सासूचा नाही, डॉक्टरचाही नाही. रेघ नेहमी इतकी स्वच्छ राहत नाही, हेही खरं. माहितीसोबत भीतीही जाते, आणि गावात बातमी फुटली की ‘त्यांच्यात तो दोष आहे’ म्हणत धाकट्या बहिणीचं स्थळ मागे जातं.

तिच्या वडिलांनी एक मूर्ती फिरवून माझ्याकडे केली. डोळ्यांची जागा अजून कोरी होती. “साचा एक असतो, डॉक्टर,” ते म्हणाले, “आखणी मात्र हातानंच. प्रत्येकाची नजर वेगळी येते.” मग त्यांनी भाच्याला ट्यूबलाइट जरा खाली धरायला लावली आणि ब्रश उचलला.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं आहे. ताईनं पत्रिकेचा मजकूर मला वाचून दाखवला. डीएनए तपासणी राहिली आहे, ती दोघांनी दिवाळीआधी करून घ्यायची.