एका संगणकात टॉरचं जाळं

टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावर तुमचा संदेश तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या संगणकांमधून, जातो आणि प्रत्येक रिलेपाशी कूटबद्धतेचा एकेक थर सुटतो. पहिल्या रिलेला तुमचा पत्ता कळतो, पण तुम्ही कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्याचं नेमकं उलट. या कल्पनेवर १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत काम झालं.

हे शिकण्यासाठी खऱ्या टॉरवर पाळत ठेवू नये. तिथली माणसं खरी असतात. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतला विद्यार्थी असो की लातूरच्या तंत्रनिकेतनातला, डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असलेला एक साधा संगणक त्याला पुरतो. टॉरची इमेज एकदा उतरवली की इंटरनेटही लागत नाही.

सुरुवात तीन डिरेक्टरी ऑथॉरिटींपासून करा. रिलेंची अधिकृत यादी याच ठरवतात आणि त्यावर तिघींपैकी दोघींची सही लागते. त्यांचे फिंगरप्रिंट प्रत्येक कंटेनरच्या टॉरआरसी या सेटिंगच्या फाइलीत लिहा. ऑथॉरिटींच्या चाव्या डॉकरच्या व्हॉल्यूममध्येच ठेवा, नाहीतर कंटेनर पुसला की त्याही जातात आणि सगळ्या फाइली नव्याने लिहाव्या लागतात. मग पाच-सहा रिले (निदान दोघांना एक्झिटची परवानगी), एक क्लायंट आणि एक छोटा वेब सर्व्हर जोडा.

गाडी अडते ती पत्त्यांपाशी. पत्त्याचे पहिले दोन आकडे सारखे असलेले दोन रिले टॉर एका सर्किटमध्ये घेत नाही. डॉकरचे कंटेनर मात्र बहुधा सगळेच १७२.१८ ने सुरू होतात. म्हणून प्रत्येक फाइलीत 'टेस्टिंगटॉरनेटवर्क १' ही ओळ हवी. ती हा नियम उठवते, खासगी पत्ते चालवून घेते आणि ऑथॉरिटींच्या मतदानाचा तासाचा फेरा पाच मिनिटांवर आणते.

आता देखरेख. क्लायंटच्या लॉगमध्ये 'बूटस्ट्रॅप्ड १००%' दिसलं की जाळं चालू झालं. त्याआधीच अडलं तर ऑथॉरिटींचे लॉग वाचा. बहुतेकदा सह्याच पुरत नसतात. टॉरच्या कंट्रोल पोर्टला निक्स हे देखरेखीचं साधन जोडलं की सर्किटं जुळताना-तुटताना दिसतात. मेट्रिक्स पोर्टवरचे आकडे प्रोमिथियस या आकडे साठवणाऱ्या साधनात घेतले की प्रत्येक रिलेचा आलेख मिळतो.

शेवटी क्लायंटवरून त्या वेब सर्व्हरवरची एक मोठी फाइल उतरवा आणि पहिल्या व शेवटच्या रिलेवर एकाच वेळी टीसीपीडम्प हे वाहतूक नोंदवणारं साधन लावा. मजकूर न उघडताही दोन्हीकडचे चढउतार जुळतात. दोन्ही टोकं एकाच्या हाती असली की टॉरची गुप्तता संपते, आणि इथे ती तुमच्याच हाती आहेत. तेव्हा हे जाळं शिकण्यासाठी वापरा, लपण्यासाठी नव्हे.