मंगलोरी कौल आणि दूरदेशीचे शेजारी

मृगाच्या आधी घर शाकारायचे, हा आमच्याकडचा दरवर्षीचा उद्योग. गेल्या मे महिन्यात गडी मिळेना म्हणून मीच शिडी लावून वर चढलो. पडवीवरची कौले काढता काढता एक फुटके मंगलोरी कौल हाती आले. त्याच्या मागच्या बाजूस इंग्रजी अक्षरांत छाप होता : 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५'. आमचे आजोबा हा आकडा दाखवून पाहुण्यारावळ्यांना घर १८६५ सालचे असल्याचे सांगत. वास्तविक ते मंगळूरचा कारखाना निघाल्याचे साल. घर त्याहून पुष्कळ अलीकडचे. आजोबांच्या हयातीत हे मला ठाऊक नव्हते, हे एका परीने बरेच झाले.

माजघरावरच्या कौलांवर मात्र दुसराच छाप निघाला : 'कॉमनवेल्थ'. कौल तेच, घाट तोच, तांबडी मातीही तीच. मग नाव का बदलले? हा प्रश्न मी इतिहासाच्या सरांपुढे ठेवला, आणि त्यांनी मला थेट पहिल्या महायुद्धात नेऊन सोडले. तेथून वाट फुटत फुटत मी एका अशा विषयापाशी पोचलो, की ज्याचा रत्नागिरीशी संबंध कौलापुरताच आहे; पण तो विषय काही मला सोडीना.

बासेल मिशनची माणसे १८३४ साली मंगळूरला उतरली. मिशनचे ठाणे स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात, पण पाद्री बहुतांशी जर्मन. लूथरन आणि रिफॉर्म्ड अशा दोन्ही पंथांचे लोक त्यात एकत्र नांदत. (मार्टिन लूथरने १५१७ साली रोमच्या धर्मपीठाला आव्हान दिले, त्याच्या मागून गेलेले ते लूथरन. आपल्या जिल्ह्यात मिशनरी आले ते स्कॉटिश आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन. त्यामुळे लूथरन हे नाव आपल्या कानाला नवखे.) कन्नड शब्दकोश रचणारा किट्टेल आणि मल्याळम् भाषेचा अभ्यासक गुंडर्ट हे याच मिशनचे. धर्मांतर केलेल्यांना जातीने वाळीत टाकले की पोटाचे काय, या अडचणीतून विणकाम आणि कौलांचे कारखाने निघाले. ती कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरू लागली.

१९१४ साली युद्ध पेटले आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे सारे पाद्री शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. बासेल, लाइपझिग, गोस्नर अशा मिशनांच्या कितीतरी माणसांना अहमदनगरला (आता अहिल्यानगर) स्थानबद्ध केले गेले आणि १९१५-१६ मध्ये 'गोवळकोंडा' नावाच्या बोटीतून स्वदेशी धाडण्यात आले. स्थानबद्ध हा शब्द रत्नागिरीकरांना शिकवायला नको. त्याच वेळी आपल्या गावात ब्रह्मदेशचा राजा थिबा आपल्या वाड्यात शेवटचे दिवस कंठीत होता. १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला. फरक एवढाच, की थिबाची बाजू घेऊन लंडनच्या दरबारी खटपट करणारे वजनदार मित्र त्याला नव्हते. या पाद्र्यांना, आणि त्यांच्यामागे राहिलेल्या देशी मंडळ्यांना, असे मित्र लाभले.

त्यांतला एक जे. एच. ओल्डहॅम. हा स्वतः लूथरन नव्हता, जर्मनही नव्हता. हा ब्रिटिश गृहस्थ १८७४ साली आपल्या मुंबईतच जन्मला होता. शत्रूची मालमत्ता म्हणून शाळा, देवळे, दवाखाने लिलावात निघू नयेत, यासाठी त्याने ब्रिटिश सरकारचे उंबरठे झिजवले. युद्धज्वर चढलेला असताना जर्मन मिशनांची बाजू घेणे ही काही लोकप्रिय व्हायची वाट नव्हे. अखेर २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहात ४३८ वे कलम आले. जर्मन मिशनांची मालमत्ता धर्मकार्यासाठीच वापरली जावी आणि ती त्याच पंथाच्या विश्वस्तांकडे सोपवावी, असे त्यात म्हटले होते. मिशनांसाठी नफा खर्चणाऱ्या व्यापारी संस्थांचाही त्यात स्पष्ट उल्लेख होता. मंगळूरचे कारखाने 'कॉमनवेल्थ ट्रस्ट' या ब्रिटिश संस्थेकडे गेले. आमच्या माजघरावरचा छाप तो हा!

तमिळ मुलखातल्या लाइपझिगच्या मंडळीला स्वीडनच्या लूथरन चर्चने आधार दिला, तर आंध्रातल्या काही ठाण्यांना अमेरिकन लूथरनांनी. छोटा नागपुरात मात्र वेगळेच घडले. तेथील गोस्नर मंडळीतले उरांव, मुंडा आदिवासी ख्रिस्ती आता कोणाच्या पदरी घालायचे, याची चर्चा बाहेरची माणसे करीत होती. मंडळीने ती थांबवली. १० जुलै १९१९ रोजी, म्हणजे व्हर्सायच्या सह्यांनंतर बाराच दिवसांनी, तिने आपण स्वायत्त असल्याचे जाहीर केले आणि हानुख दत्तो लकड़ा हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. मला या सगळ्या हकिकतीत हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मित्राने आपली बाजू मांडावी हे खरे, पण आपल्या वतीने निर्णयही त्यानेच घ्यावा काय?

हा प्रश्न पुढेही सुटलेला नाही. १९४७ साली स्वीडनमधल्या लुंड येथे लूथरन चर्चांचा जागतिक संघ स्थापन झाला. त्याचे १९७० चे महाअधिवेशन ब्राझीलमध्ये पोर्तो आलेग्रे येथे भरायचे होते. ब्राझीलमध्ये तेव्हा लष्करी राजवट होती आणि तुरुंगांतल्या छळाच्या बातम्या बाहेर येत होत्या. युरोपातल्या मंडळींनी गिल्ला केला आणि अगदी आयत्या वेळी अधिवेशन फ्रान्समधल्या एव्हियाँला हलवले गेले. ब्राझीलची लूथरन मंडळी दुखावली. पाहुण्यांनी आपल्याला न विचारता पंगत दुसऱ्याच्या अंगणात मांडावी, तसे हे झाले. पण गंमत अशी, की त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच मंडळीने कुरितिबा येथे एक जाहीरनामा संमत केला आणि छळाविषयीची आपली चिंता सरकारच्या कानी घातली. बाहेरच्या डिवचण्यामुळे त्यांना कंठ फुटला, की ते बोलणारच होते? मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही थोडेथोडे खरे असावे.

नामिबियात क्रम उलटा होता, आणि म्हणूनच काम अधिक नेटके झाले. त्या देशावर दक्षिण आफ्रिकेचा ताबा बेकायदा आहे, असे मत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २१ जून १९७१ रोजी दिले. नऊच दिवसांनी बिशप लिओनार्ड आउआला आणि मॉडरेटर पाउलुस गोवासेब या दोघा कृष्णवर्णी लूथरन धर्मगुरूंनी पंतप्रधान फोर्स्टर यांना खुले पत्र लिहिले. आमच्या लोकांना मोकळेपणी फिरता येत नाही, बोलता येत नाही, मत देता येत नाही, असे त्यांनी सरळ लिहिले. सही आधी त्यांची. मग ते पत्र जगभर पोचवण्याचे काम फिनलंड, जर्मनी, अमेरिका येथील लूथरन चर्चांनी केले. फिनलंडचे मिशन तेथे १८७० पासून होते, त्यामुळे तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांना ओवांबो मुलूख परका नव्हता. किंमत मोजावी लागली ती मात्र नामिबियाच्या लोकांना. त्यांच्या ओनिपा येथील छापखान्याची १९७३ साली सुरुंगाने राखरांगोळी झाली; पुन्हा उभारला तो १९८० साली पुन्हा उडवला गेला. १९८४ च्या बुडापेस्ट अधिवेशनात संघाने दक्षिण आफ्रिकेतील आणि नामिबियातील दोन गोऱ्या चर्चांचे सभासदत्व स्थगित केले. २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला.

एवढे वाचून माझा वर्गमित्र म्हणाला, "हे परक्याच्या घरात नाक खुपसणेच नव्हे काय?" दक्षिण आफ्रिकेचेही म्हणणे तेच होते. १९४६ साली तेथील हिंदी लोकांच्या वतीने भारताने संयुक्त राष्ट्रसंघात तक्रार केली, तेव्हा "हा आमचा अंतर्गत प्रश्न" असेच उत्तर मिळाले होते. आपण ते मानले नाही. मात्र मित्राची शंका अगदीच पोकळ नाही. त्याच बुडापेस्टमध्ये आफ्रिकेविषयी कडक ठराव झाला, आणि हंगेरीच्या साम्यवादी सरकारशी जुळवून घेणारे बिशप काल्डी संघाचे अध्यक्ष निवडले गेले. झोल्तान दोका नावाच्या हंगेरियन पाद्र्याने आपल्याच चर्चच्या या धोरणाविरुद्ध खुले पत्र लिहिले होते. दूरच्या अन्यायाबद्दल बोलणे सोपे, यजमानाच्या ओसरीवर बसून त्याच्याबद्दल बोलणे कठीण, हे आपणही गावकीत पाहतोच.

अलीकडचे उदाहरण जेरुसलेमचे. तेथे ऑलिव्ह टेकडीवर ऑगस्टा व्हिक्टोरिया इस्पितळ आहे. १९५० पासून ते लूथरन संघ चालवतो. वेस्ट बँक आणि गाझामधले कर्करोगी उपचारांसाठी तेथे येत. २०१८ साली अमेरिकन सरकारने पूर्व जेरुसलेममधल्या इस्पितळांची सुमारे अडीच कोटी डॉलरांची मदत थांबवली. तेव्हा अमेरिकेतल्या लूथरन चर्चने आपल्याच सरकारविरुद्ध उघड आवाज उठवला, सभासदांना आपापल्या लोकप्रतिनिधींकडे जाण्यास सांगितले. येथे बोलणाऱ्याला निदान स्वतःच्या घरातल्याच कारभाऱ्याला जाब विचारायचा होता.

फुटके कौल मी टाकून दिलेले नाही. त्याच्या जागी बसवायला तशाच घाटाचे कौल बाजारात मिळाले नाही, म्हणून पडवीच्या त्या कोपऱ्यात तूर्त पत्रा घातला आहे.