कमरेचा दोर

रविवारची दुपार, चार वाजलेत. सदाशिव पेठेतल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर मोठा कार्डशीट पसरलाय. त्यावर सव्वा-सव्वा इंचाचे चौकोन आखलेत, कारण कॅरमची सोंगटी तेवढीच रुंद असते. काळ्या सोंगट्या म्हणजे शत्रूचे शिपाई, लाल राणी म्हणजे त्यांचा किल्लेदार. एक चौकोन म्हणजे पाच फूट. आम्ही चौघं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतोय. पाचवी आमची डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. जग तिचं, त्यात वावरणारे चार जण आमचे.

आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती शाळेत इतिहास शिकवते आणि पाऊस सरला की गड चढायला निघते. त्यामुळे आजचा किल्ला छापील पुस्तकातून आलेला नाही.

“ओंडका घेऊ, धावत जाऊ आणि दरवाजा फोडू,” आमच्यातला सगळ्यात धाकटा म्हणतो. तो इंजिनिअरिंगला आहे आणि फायटर खेळतो.

“दरवाजा दिसतोय कुठे तुला?”

ताई पेन्सिलीने दोन बुरूज काढते. त्यांच्यामधून वाट आत शिरते आणि लगेच वळते. दरवाजा त्या वळणापलीकडे. ही गोमुखी रचना. हत्तीला काय किंवा ओंडक्याला काय, धाव घ्यायला जागाच मिळत नाही, आणि वळणावर अडकलेल्यांवर वरच्या जंग्यांमधून, म्हणजे तटातल्या भोकांमधून, मारा होतो. रायगडाचा महादरवाजा असाच बुरुजांच्या आड आहे. तो मी पाहिलाय, त्याच्यासमोर फोटोही काढलेत. पण ती वाट तशी का वळवली आहे, हे आज हल्ला करायची वेळ आल्यावर अंगावर येतं.

“मग मी एकटाच आत डोकावतो. कमरेला दोर बांधून. दुसरं टोक तुम्ही धरा,” धाकटा म्हणतो. ताई वहीत काहीतरी टिपून ठेवते.

पुढचा तासभर दोराचं नाव कोणी काढत नाही. आत शिपाई दबा धरून बसलेले असतात, इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्यांचा क्रम, ठरतो, फासे खडखडतात. बाण आमच्यापर्यंतही येतात. आमचे क्लेरिक, म्हणजे मंत्राने जखमा भरणारे, बँकेतले काका. त्यांचे तीनच हिटपॉइंट्स, म्हणजे जिवाचे गुण, उरलेत. आणि वळणाच्या पलीकडे धाकट्याचा फायटर शून्यावर येऊन कोसळतो.

आता डेथ सेव्ह. पाळी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश. तीन यशं मिळाली तर जीव तगतो. तीन अपयशं झाली तर माणूस गेला, मग त्याच्यावर तुमचा कितीही जीव असो. पहिला फासा सहा. दुसरा चौदा. तिसरा टाकण्याआधी धाकटा फासा मुठीत धरून नुसता बसून राहतो. हे पात्र त्याने बारावीच्या सुट्टीत रचलं. त्याचं गाव, त्याची हरवलेली बहीण, सगळं त्याच्या वहीत लिहिलेलं आहे. फासा घरंगळत वाटीला अडतो. आठ.

दोन अपयशं. पडलेल्या माणसाला शेजारी उभ्या शिपायाने एक घाव घातला तरी खेळ संपला. काकांकडे बरं करण्याचा मंत्र आहे, साठ फुटांवरून चालणारा, पण ज्याला बरं करायचं तो दिसायला हवा. मध्ये बुरूज आहे. वळणापर्यंत जावं तर जंग्यांमधून बाण, आणि काका स्वतःच पडणार.

ताईच्या आजी दाराशी येतात. “वाचला का रे आमचा सरदार?” कोणीच बोलत नाही.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ अमेरिकेत छापला, तेव्हा त्याची मुळं टेबलावरच्या युद्धखेळांत होती. तिथे एक खेळाडू अख्खं सैन्य हलवायचा. यांनी एकेका खेळाडूच्या हाती एकेक माणूस दिला. एवढ्याशा बदलाने काय घडलं, ते या क्षणी टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवर वाचता येतं. सैन्यातला एक मोहरा गेला तर कोणाचा श्वास अडकत नाही.

पाळी माझी. माझ्या चोराच्या सामानाची यादी मी वरून खाली वाचतो, पुन्हा वाचतो. शेजारी विझार्ड खेळणारी आमची दंतवैद्य मैत्रीण एकदम सरळ होऊन बसते.

“ताई, त्याच्या कमरेचा दोर सुटलाय का?”

ताई वही उलटते. “नाही. सोडतो असं तो म्हणालाच नाही. दुसरं टोक तुमच्या पायाशी पडलंय.”

आम्ही सगळे एकदम उभे राहतो.

यासाठी नियम कोणत्या पानावर आहे, हे कोणी शोधत नाही. ताई दोन क्षण विचार करते. “ओढा. ताकदीवर पंधरा हवेत. ती मदत करतेय, म्हणून ॲडव्हान्टेज.” म्हणजे दोन फासे, त्यातला मोठा आपला. चार. सतरा. ताई फायटरची सोंगटी बोटाने सरकवत वळणाच्या अलीकडे आणते. काका मंत्र म्हणतात, चार बाजूंचा फासा टाकतात: दोन अधिक तीन, पाच हिटपॉइंट्स. धाकटा डोळे पुसतो आणि म्हणतो, “मी डोळे उघडतो.”

घरी मी ‘बाल्डर्स गेट ३’ खेळतो, याच नियमांवर लारियनने २०२३ साली काढलेला व्हिडिओ गेम. रात्री दोन वाजेपर्यंत खेळतो आणि त्यावर माझं मनापासून प्रेम आहे. त्यात एकेका पेचातून सुटायच्या इतक्या वाटा ठेवल्यात की बनवणाऱ्यांची कमाल वाटते. पण त्या आधी कोणीतरी योजून ठेवलेल्या वाटा. हा दोर कोणाच्याही आराखड्यात नव्हता. एका मुलाने सहज उच्चारलेलं वाक्य एका बाईने लक्ष देऊन ऐकलं, टिपून ठेवलं आणि तासाभराने त्याला मान दिला. माझ्या मते या खेळाचा प्राण तिथे आहे. फासे आणि ड्रॅगन नंतर येतात.

पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. फासे मोबाइलवरही टाकता येतात आणि सोंगट्या घरोघरी असतातच. खेळायला उत्सुक माणसंही भरपूर भेटतात. अडतं ते एकाच जागी: डीएम व्हायला कोणी पुढे येत नाही. तुम्हाला गोष्ट सांगायला आवडत असेल आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायला त्याहून जास्त आवडत असेल, तर ती खुर्ची तुम्ही घ्या.