मत्स्यपात्रांची लाकडी मांडणी

मत्स्यपात्रांची लाकडी मांडणी : मासे व पाणवनस्पती बाळगण्याची दोन वा अधिक काचपात्रे शेजारी-शेजारी आणि एकावर एक ठेवता यावीत, यासाठी केलेली लाकडी चौकट. पाण्याचे हंडे व घागरी जमिनीपासून उंच ठेवण्यासाठी मराठी घरांत पूर्वापार वापरली जाणारी घडवंची ही तिची पूर्वज म्हणता येईल. तथापि दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. घडवंचीचा पाय थोडा खचला, तर हंडा कलतो एवढेच. काचपात्राच्या तळाला पीळ पडला, तर मात्र काच तडकते किंवा सांधा उकलतो. म्हणून मांडणी भाराखाली मोडणार नाही एवढेच पाहून भागत नाही. ती वाकणार नाही व तिची पातळी ढळणार नाही, हेही पाहावे लागते.

काचपात्रात मासे पाळण्याचा छंद यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सार्वजनिक जलजीवालय १८५३ मध्ये उघडण्यात आले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. सार्वजनिक मत्स्यालयांतील मोठ्या पात्रांचा भार इमारतीचे बांधकामच पेलते. घरी ते काम मांडणीला करावे लागते. पूर्वीची पात्रे लोखंडी कोनपट्ट्यांच्या चौकटीत लांबी भरून बसविलेली असत व त्यांचा भार चौकटीच्या कडांवर येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकोनने काचेला काच जोडलेली बिनचौकटीची पात्रे प्रचारात आली. अशा पात्राचा तळ सर्वत्र सारखा टेकला पाहिजे.

एकापेक्षा अधिक पात्रांची गरज छंदातूनच उत्पन्न होते. गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो, म्हणून हिवताप-निर्मूलनाच्या कामात तो पाण्याच्या साठ्यांत सोडतात. परंतु त्याची मादी आपलीच पिले खाते. पिलांसाठी, आजारी माशांसाठी व नव्याने आणलेल्या माशांसाठी वेगवेगळी पात्रे लागतात.

भार : ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३७·५ सेंमी. उंच या नेहमीच्या मापाच्या पात्रात काठापर्यंत सु. ६७ लिटर पाणी मावते. ५ मिमी. जाडीच्या काचेचे वजन सु. ११ किग्रॅ. आणि ५ सेंमी. जाडीच्या वाळूच्या थराचे सु. १४ किग्रॅ. भरते. वाळूने व्यापलेली जागा वजा करता व पाणी काठाखाली ठेवले असता, झाकण व दिवा धरून एकूण भार सु. ८५ किग्रॅ. होतो. अशी चार पात्रे म्हणजे ३४० किग्रॅ.; पाच प्रौढ माणसे एकाच मांडणीवर अहोरात्र उभी राहावीत, तसे हे आहे. भार सततचा असल्याने लाकूड हळूहळू अधिक वाकत जाते. पहिल्या दिवशी दिसणारा बाक काही वर्षांत दुप्पट होऊ शकतो, हे गृहीत धरून मापे ठरवितात.

लाकूड : साग सर्वोत्तम. तो पाण्याने फारसा फुगत वा पिळत नाही आणि त्याच्या पक्व गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. वाशिम जिल्ह्यातील शुष्क पानझडी वनांत साग आढळतो. विकतचा साग परवानाधारक वखारीतूनच घ्यावा. जुन्या वाड्यांच्या मोडीतील सागवानी तुळया व खांब पुरते वाळलेले असल्याने या कामास फार चांगले. मात्र करवत लावण्यापूर्वी त्यांतील खिळे काढून घ्यावेत. बाभळीचे लाकूड बळकट असते, परंतु नीट वाळलेले नसल्यास चिरते व पिळते. गाठी व उभ्या चिरा असलेला तुकडा आडव्या दांड्यास वापरू नये. लाकडाचा भुसा दाबून केलेले तक्ते पाणी लागताच फुगतात व त्यांचा थर सुटतो. ते वर्ज्य होत.

रचना : चार पात्रांच्या दुमजली मांडणीसाठी ७·५ × ७·५ सेंमी. छेदाचे चार खांब आणि प्रत्येक मजल्यास पुढे व मागे एक असे १० सेंमी. उंच, ४ सेंमी. जाड दांडे घेतात. खांबांमधील अंतर १३० सेंमी. ठेवल्यास दोन पात्रे थोडी मोकळी जागा राखून बसतात. खालचा मजला जमिनीपासून ३० सेंमी., तर वरचा सु. १०७ सेंमी. उंच ठेवतात, त्यामुळे खालच्या पात्रात हात घालण्यास सु. २७ सेंमी. जागा उरते.

दांडा उभ्या कडेवर बसविणे हे या कामाचे मर्म आहे. दांड्याचा ताठपणा त्याच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वरील मापाचा सागवानी दांडा उभा बसविल्यास मध्यभागी एक मिमी.पेक्षा कमी वाकतो. तोच आडवा टाकल्यास सु. ४·५ मिमी. वाकतो. दोन्ही स्थितींत तो मोडणार नाही. परंतु दुसऱ्या स्थितीत पात्राचा तळ अधांतरी राहील. मध्ये आणखी दोन खांब दिल्यास बाक फारच कमी होतो. मात्र सहा पाय एका पातळीत आणणे चार पायांपेक्षा कठीण असते.

दांड्याचा भार खिळ्यांवर वा स्क्रूंवर लोंबकळता ठेवू नये. खांबाला खाच पाडून दांडा तीत टेकवावा किंवा खांबातील भोकात दांड्याचे कुसू बसवून लाकडी खुंटीने पक्के करावे. खिळे व स्क्रू यांचे काम सांधा जागेवर धरून ठेवण्याचे असते, भार वाहण्याचे नसते. पुढच्या व मागच्या दांड्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या दर ३० सेंमी.वर देऊन त्यांवर १९ मिमी. जाडीचे जलरोधक प्लायवुड घालतात. चार कोनांची चौकट बाजूने ढकलल्यास तिरपी होते. त्रिकोण तसा होत नाही. म्हणून पाठीमागे तिरक्या पट्ट्या किंवा सलग प्लायवुडचा तक्ता आणि दोन्ही बाजूंस एकेक तिरका आधार अवश्य द्यावा. प्रत्येक कोन गुण्याने व प्रत्येक खांब ओळंब्याने तपासतात. शेवटी सर्व बाजूंस, विशेषतः खांबांच्या तळाच्या छेदांना, जवसाचे उकळलेले तेल वा व्हार्निश देतात.

जमीन व पातळी : वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वाशिम परिसरात अशा मातीवर बांधलेल्या घरांच्या जमिनी ऋतूप्रमाणे थोड्या वर-खाली होतात व फरशीचे सांधे उकलतात. मांडणीसह एकूण भार ३८० किग्रॅ. धरल्यास प्रत्येक पायावर सु. ९५ किग्रॅ. येतात. पायाखाली २० सेंमी. चौरस शहाबादी फरशीचा तुकडा दिल्यास हा भार सातपट क्षेत्रावर पसरतो. सारवलेल्या जमिनीवर असा तुकडा मातीत ठोकून पक्का बसविल्याखेरीज मांडणी उभी करू नये. जाग शक्यतो भिंतीलगतची, पण थेट उन्हाबाहेरची निवडतात.

पातळी पाणसळीने पाहतात. परंतु पात्रातील पाण्याचा पृष्ठभाग ही सर्वांत विश्वासू पाणसळ होय. पात्र एक तृतीयांश भरून चारही कोपऱ्यांत तळापासून पाण्याची उंची मोजावी. फरक आढळल्यास पात्र रिकामे करून पायाखाली पाचर द्यावी. पात्राखाली कागद वा काडी सारून पातळी साधणे धोक्याचे असते. पात्र व तक्ता यांमध्ये थर्मोकोलचा पातळ तक्ता घातल्यास लहानसहान उंचवटे त्यात सामावतात. वाकलेला दांडा मात्र त्याने सुधारत नाही. पातळी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या अखेरीस, पुन्हा तपासावी.

परीक्षा व वापर : पात्रे ठेवण्यापूर्वी प्रत्येक मजल्यावर वाळूची पोती किंवा पाण्याचे डबे मिळून १७० किग्रॅ. भार एक दिवस ठेवतात आणि दांड्याच्या दोन टोकांमध्ये दोरी ताणून बाक मोजतात. तो दोन मिमी.हून अधिक भरल्यास दांडा बदलावा.

उंचीच्या मानाने खोली कमी असल्याने अशी मांडणी पुढे कलंडू शकते. वरचा मजला भरलेला व खालचा रिकामा असताना हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून वरच्या दांड्यास लोखंडी कोनपट्टी लावून मांडणी भिंतीत पक्की करतात. लहान मुले असलेल्या घरात याला पर्याय नाही.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवतात. अन्यथा वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे वाहून पंपात शिरते. विजेच्या तारेला खोबणीपूर्वी खाली झोल देतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खोबणीत न जाता जमिनीवर ठिबकते. उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे पाणी वारंवार घालावे लागते. विहिरीचे पाणी जड असल्यास सांडलेल्या थेंबांचा पांढरा थर लाकडावर धरतो व त्याखाली ओल टिकून राहते. तो वेळीच पुसावा व सांधे दर वर्षी तपासावेत. मांडणी भरताना खालची पात्रे आधी भरतात आणि रिकामी करताना वरची आधी रिकामी करतात.