बंदुकीचा खरेदीखत आणि आपण

गावात बंदूक कुणाच्या भिंतीवर टांगलेली आहे हे आमच्या वस्तीतल्या पोरालाही ठाऊक असते. ती एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते, हे मात्र आम्ही कायद्यातून वाचलेले नसते.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम पाहा. स्वतःच्या वापराची बंदूक विकायला दुकानदारीचा परवाना लागत नाही. पण घेणारा ती बाळगायला कायद्याने पात्र हवा. विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास आधी लेखी कळवायचा आणि किमान ४५ दिवस थांबायचे. फुकट दिली तरी हेच.

म्हणजे गाडे अडते ते परवान्यावर. 'तुझ्याकडे राखण्यासारखे आहे काय?' हा कचेरीतला सवाल आपल्या ओळखीचा आहे. चौदावे कलम सांगते, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नाकारलाच तर कारणे लेखी नोंदवावी लागतात.

अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम तर याहून पुढचा. अत्याचार होण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्यांचे परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करायची, बेकायदा बंदुका जप्त करायच्या आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यायचे, असे त्यात आहे. गरज कुणाला वाटायची? सरकारला! पण मागितलेच नाही तर तीही वाटणार नाही. मोर्च्यात हा नियम वाचलेला मी कधी ऐकला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो वहीत उतरवून घ्यायला लावतो.