चोथा कोणता, किती आणि कसा? बद्धकोष्ठता, आतड्यांची अतिसंवेदनशीलता आणि इसबगोल

‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार मराठी घरांत इतकी नेहमीची आहे, की ती घेऊन डॉक्टरांकडे जावे असे फारसे कुणाला वाटत नाही. त्यावरचे उपायही घरोघरी ठरलेले असतात. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, रात्री झोपताना एखादे चूर्ण आणि त्यानेही भागले नाही तर औषधांच्या दुकानातून आणलेले इसबगोल. यांपैकी इसबगोल हा उपाय आधुनिक वैद्यकाच्या कसोटीलाही उतरलेला आहे. मात्र तो पुरेशा पाण्याशिवाय घेतला, एकदम जास्त घेतला किंवा तपासणी न करता वर्षानुवर्षे घेत राहिले, तर फायद्याऐवजी नुकसान होऊ शकते. खरा आजार दुसराच असेल, तर त्याचे निदानही लांबते. म्हणूनच चोथा म्हणजे काय, तो पोटात काय करतो आणि कोणाला कोणता मानवतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बद्धकोष्ठता कशाला म्हणावे?

पाश्चात्त्य वैद्यकात आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल कठीण असणे, कुंथावे लागणे आणि पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना राहणे ही बद्धकोष्ठतेची प्रमुख लक्षणे मानली जातात. भारतीय माणसाला यातील पहिली अट जशीच्या तशी लागू पडत नाही. भारतीय जठरांत्रविज्ञान संस्थेच्या कृतिदलाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे ९९ टक्के लोकांना दिवसातून किमान एकदा शौचास होते, असे आढळले होते. त्यामुळे आपल्याकडे रोज शौचास जाणारी व्यक्तीही बद्धकोष्ठतेने त्रस्त असू शकते. मल कठीण असणे आणि कुंथावे लागणे हीच येथे अधिक महत्त्वाची खूण ठरते. उलट, एखाद्याला एक दिवसाआड पण विनासायास शौचास होत असेल, तर त्याला आजारी समजण्याचे कारण नाही.

आतड्यांची अतिसंवेदनशीलता, म्हणजेच ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ किंवा आयबीएस, हा याहून वेगळा विकार आहे. यात पोटदुखी हे मुख्य लक्षण असते. ही दुखी शौचाशी निगडित असते आणि तिच्यासोबत शौचाची वारंवारता किंवा मलाचे स्वरूप बदलते. कुणाला बद्धकोष्ठता होते, कुणाला जुलाब होतात, तर कुणाला दोन्ही आलटून पालटून. दुर्बिणीने पाहिले तर आतडे निरोगी दिसते. बिघाड असतो तो आतड्यांच्या हालचालीत, त्यांच्या संवेदनेत आणि मेंदूशी चालणाऱ्या त्यांच्या संवादात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे आजार मनाचाच’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे आहे. या रुग्णांच्या बाबतीत चोथ्याची निवड विशेष जपून करावी लागते.

सगळा चोथा सारखा नसतो

वनस्पतिजन्य अन्नातील जो भाग लहान आतड्यात पचत नाही आणि तसाच मोठ्या आतड्यात पोचतो, त्याला तंतुमय पदार्थ किंवा चोथा म्हणतात. त्याचे महत्त्व जगापुढे ठळकपणे मांडले ते युगांडात अनेक वर्षे काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी. आफ्रिकेतील ग्रामीण जनतेच्या भरपूर चोथा असलेल्या आहाराकडे आणि त्यांच्यात क्वचितच आढळणाऱ्या आतड्यांच्या विकारांकडे त्यांनी १९७० च्या दशकात लक्ष वेधले. त्यानंतर पाश्चात्त्य देशांत गव्हाच्या कोंड्याला मोठी मागणी आली आणि पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर ‘कोंडा खा’ हा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला. पुढील संशोधनाने मात्र हे चित्र बरेच बदलले.

चोथ्याचे गुण समजण्यासाठी दोन प्रश्न विचारावे लागतात. तो पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो का? आणि मोठ्या आतड्यातील जिवाणू तो आंबवून संपवतात का? गव्हाचा जाडसर कोंडा पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण आतड्याच्या अस्तराला घासले जातात, त्यामुळे अस्तरातून पाणी व श्लेष्मा स्रवतो आणि मल पुढे सरकतो. निरोगी आतड्याला हे मानवते. पण ज्याचे आतडे आधीच हळवे आहे, त्याला याच घासण्याने कळा येऊ शकतात. इन्युलिनसारखा चोथा पाण्यात विरघळतो, पण जिवाणू त्याचा झपाट्याने फडशा पाडतात. त्यातून वायू निर्माण होतो आणि पोट फुगते.

इसबगोलाचे वैशिष्ट्य असे, की ते पाणी शोषून घट्ट जेलीसारखे होते आणि जिवाणूंकडून फारसे आंबवले जात नाही. त्यामुळे ही जेली मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत टिकते. मल कठीण असेल तर ती त्यात पाणी धरून ठेवून तो मऊ करते. मल पातळ असेल तर अतिरिक्त पाणी शोषून त्याला बांधून ठेवते. बद्धकोष्ठता आणि सौम्य जुलाब या परस्परविरोधी तक्रारींवर एकच औषध कसे चालते, हे कोडे येथे उलगडते.

घोड्याच्या कानाचे बी

इसबगोल हे प्लांटॅगो ओव्हाटा या रब्बी हंगामातील छोट्या रोपाचे बी. नाव फारसीतून आले असून नावेच्या आकाराच्या या बियांच्या ठेवणीवरून त्याचा अर्थ ‘घोड्याचा कान’ असा सांगितला जातो. बाजारात ‘सत इसबगोल’ म्हणून मिळणारी हलकी, पांढरट फोलपटे म्हणजे या बियांवरचे आवरण. इसबगोलाच्या उत्पादनात आणि निर्यातीत भारत जगात आघाडीवर आहे. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात ते पिकते. गुजरातमधील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. अनेकजण इसबगोल आणि सब्जा यांची गल्लत करतात. फालुद्यात घातला जाणारा सब्जा हे तुळशीच्या कुळातील वेगळे बी आहे.

इसबगोल आणि कोंडा यांची थेट तुलना नेदरलँड्समधील संशोधकांनी केली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत आयबीएसचे २७५ रुग्ण सहभागी होते. त्यांना १२ आठवडे रोज १० ग्रॅम इसबगोल, १० ग्रॅम कोंडा किंवा तुलनेसाठी तांदळाचे पीठ देण्यात आले. पहिल्या महिन्यात इसबगोल घेणाऱ्या ५७ टक्के रुग्णांना पुरेसा आराम वाटला. पीठ घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्रास वाढल्यामुळे चाचणी अर्ध्यावरच सोडली. अमेरिकेतील जठरांत्रतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएससाठी पाण्यात विरघळणारा चोथा सुचविला आहे, न विरघळणारा नव्हे. अर्थात, पिठानेही तिघांपैकी एकाला आराम वाटला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इसबगोल हा मदतीचा हात आहे; तो सर्वांना सारखाच लागू पडेल असे नाही.

आधी ताटाकडे पाहावे

पूरक चोथ्याची गरज का भासते, याचे उत्तर बहुधा ताटातच सापडते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोल्हारचे उदाहरण घेता येईल. प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड महामार्गावर वसलेले हे गाव शिर्डीला जाणाऱ्या प्रवाशांच्या चांगल्या परिचयाचे आहे. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा. बाजरी आणि ज्वारी ही येथील जुनी धान्ये, तर मटकी, हुलगा, हरभरा ही सोबतीची कडधान्ये. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला आणि जवळच लोणी येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पिके बदलली, हाती पैसा आला आणि काळाच्या ओघात राज्यात इतरत्र झाले तेच येथेही झाले. भाकरीच्या जोडीला पाव, बिस्किटे आणि खारी आली. पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या ताटाची कहाणी याहून फारशी वेगळी नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १० ग्रॅम आणि चक्कीवरच्या गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. मैदा आणि पॉलिश केलेल्या तांदळात तो तीन ग्रॅमपेक्षाही कमी भरतो. राहाता परिसर ज्याच्यासाठी प्रसिद्ध आहे, त्या पेरूत १०० ग्रॅममागे आठ ग्रॅमहून अधिक चोथा आहे. प्रौढ व्यक्तीने अन्नातून दररोज किमान २५ ग्रॅम चोथा घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचविले. दिवसभरात दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, एखादी भाजी आणि एक पेरू एवढ्यावर हे प्रमाण सहज गाठता येते. वडापाव, चहा-बिस्किटे आणि पांढरा भात यांवर दिवस काढणाऱ्याला ते गाठता येत नाही.

आयबीएसच्या रुग्णाने मात्र एकदम उसळींचा मारा करू नये. कडधान्ये, कांदा, लसूण आणि गहू यांतील काही शर्करा आतड्यात लवकर आंबतात आणि वायू धरतो. कडधान्ये भिजवून, ते पाणी टाकून, नीट शिजवून थोड्या प्रमाणात खाल्ल्यास हा त्रास कमी होतो.

इसबगोल घेण्याची रीत

आहार सुधारूनही तक्रार राहिली, तर इसबगोल घ्यावे. सुरुवात दिवसातून एक लहान चमचा इतकीच असावी. पोटाला सवय झाली, की दर आठवड्याला थोडे वाढवत दिवसाला दोन किंवा तीन लहान चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅमपर्यंत जावे. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेऊन पोट फुगल्यावर ‘मला हे मानवत नाही’ असे ठरविणारे पुष्कळ असतात. त्यांना इसबगोल न मानवण्यापेक्षा घाई नडलेली असते.

प्रत्येक चमच्यामागे मोठा पेलाभर पाणी हवे. फोलपटे पेल्यात ढवळून, घट्ट होण्याआधी लगेच प्यावी आणि वर आणखी थोडे पाणी प्यावे. कोरडी फोलपटे तोंडात टाकू नयेत; ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतात. या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९३ मध्ये अशा उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. घेतल्याबरोबर आडवेही होऊ नये. परिणाम दिसण्यास एक ते तीन दिवस लागतात आणि आयबीएसमध्ये खरा अंदाज चार आठवड्यांनंतरच येतो.

थायरॉइड, मधुमेह, फिट्स, हृदयविकार किंवा मनोविकार यांवरील औषधे तसेच लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती औषधे आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. जेलीमुळे काही औषधांचे शोषण घटते. इसबगोल जेवणाआधी घेतल्यास रक्तातील साखर काहीशी कमी होते, म्हणून मधुमेहींनी डॉक्टरांना कल्पना द्यावी. गिळण्यास त्रास असलेल्यांनी, आतडे अरुंद झालेल्यांनी किंवा मल अडकून बसलेल्यांनी ते घेऊच नये. मूत्रपिंड वा हृदयाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

येथे चूर्णांविषयीही सांगणे आवश्यक आहे. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्यांना उत्तेजना देऊन काम करते, इसबगोलाप्रमाणे मलात पाणी धरून नव्हे. प्रसंगी तिचा उपयोग होतो. पण ‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे निर्धोक’ असे मानून मनानेच रोज घेत राहिल्यास पोटात कळा, जुलाब आणि शरीरातील क्षारांचा असमतोल होऊ शकतो. डबीवरील घटकांची यादी वाचून दोहोंतला फरक ओळखावा.

चोथ्याने भागत नाही तेव्हा

काहींना चोथा कितीही वाढविला तरी गुण येत नाही. शौचाच्या वेळी सैल व्हायला हवे ते स्नायू त्यांच्यात उलट आवळले जातात. अशा वेळी चोथा वाढविल्याने फुगारा तेवढा वाढतो. स्नायूंना पुन्हा वळण लावणारी बायोफीडबॅक ही उपचारपद्धतीच तेथे उपयोगी पडते. थायरॉइडची कमतरता तसेच लोह, कॅल्शियम आणि काही वेदनाशामक गोळ्या यांमुळेही मलावरोध होतो. तेथे मूळ कारणावरच उपाय करावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काही लक्षणे दिसताच घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठविणारी पोटदुखी किंवा जुलाब, पोट फुगून शौच व वायू दोन्ही बंद होणे, पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत प्रथमच झालेला बदल आणि जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग ही ती लक्षणे व परिस्थिती होत. ‘मूळव्याधच असेल’ असे समजून रक्ताकडे दुर्लक्ष करणारे आणि इसबगोल घेत राहणारे रुग्ण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या निदानातील मोलाचे महिने गमावू शकतात. तोच आजार लवकर सापडल्यास बरा होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

यांपैकी काहीही नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. ताटात भाकरी, भाजी आणि फळ, दिवसभर पुरेसे पाणी, रोजचे चालणे, शौचाची वेळ न टाळण्याची सवय आणि गरज भासल्यास हळूहळू वाढविलेले इसबगोल एवढ्यावर अनेकांची तक्रार आटोक्यात येते. महिनाभर नीट प्रयत्न करूनही फरक पडला नाही, तर मात्र मनाने दुसरे चूर्ण शोधण्याऐवजी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे हिताचे.