कारकुनाच्या लेखणीतून उतरलेली आडनावे

उंबेर्तो एको हे नाव जगभरच्या वाचकांना ठाऊक झाले ते १९८० साली आलेल्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीमुळे. मध्ययुगीन मठातल्या खुनांची गोष्ट लिहिणारा हा इटालियन प्राध्यापक चिन्हशास्त्राचा मोठा जाणकार होता. गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे आडनावच एक कोडे होते. इटालियनमध्ये ‘एको’ म्हणजे प्रतिध्वनी. इतके छोटे, सुबक आणि खुद्द इटलीतही क्वचितच कानावर पडणारे आडनाव ऐकले, की मागे एखादे जुने घराणे, निदान एखादी ओस पडलेली हवेली तरी असणार असे वाटते. प्रत्यक्षात ते सुरू झाले एकोंच्या आजोबांपासून. आजोबा जन्मतः टाकून दिलेले मूल होते आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद करताना कुणा कर्मचाऱ्याने त्यांना हे आडनाव बहाल केले. ‘एक्स चेलिस ओब्लातुस’, म्हणजे ‘स्वर्गातून आलेली भेट’, या लॅटिन शब्दांची ती रोमन आद्याक्षरे असावीत, असा उलगडा पुढे एकोंच्या कानावर आला.

आजोबा छापखान्यात जुळारी झाले, त्यांना तेरा मुले झाली. त्यांतल्या एकाचा मुलगा उंबेर्तो, जन्म १९३२, पिएमाँत प्रांतातल्या आलेस्सांद्रिया गावी. ज्याला आपण ‘दुर्मीळ इटालियन आडनाव’ म्हणतो, त्याचा इतिहास हा असा दोन पिढ्यांत आटोपू शकतो.

इटलीत आडनावांची काही कमतरता नाही. या देशात साडेतीन लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावे असल्याचे सांगितले जाते. बहुतेकांची मुळे चार प्रकारची. पहिला प्रकार बापाच्या किंवा पूर्वजाच्या नावाचा: दी स्तेफानो, दे लुका. दुसरा गावाचा किंवा मुलखाचा: रोमानो, लोम्बार्दी. तिसरा धंद्याचा: मोटारींमुळे जगभर गाजलेले फेर्रारी हे मुळात लोहाराचे आडनाव. चौथा टोपणनावाचा: तांबूस केसांच्या किंवा लालबुंद चेहऱ्याच्या माणसाला उत्तरेत रोस्सी म्हणत, दक्षिणेत रुस्सो. रोस्सी हे आज देशातले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात शहरे वाढली, करवसुली आणि दस्तऐवज वाढले, तशी ही दुसरी नावे माणसांना चिकटू लागली. पण ती बराच काळ पातळ होती. बापाचे एक, मुलाचे दुसरे, असे सर्रास चाले. त्यांना घट्टपणा आला तो चर्चच्या वह्यांमुळे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पाद्र्याला विवाहांची आणि बाप्तिस्म्यांची नोंद ठेवायला लावली. एकदा वहीत उतरलेले नाव पुढच्या पिढीच्या नोंदीतही तसेच येऊ लागले.

मग ज्या मुलाचा बापही माहीत नाही, आईही नाही, गावही नाही, त्याच्यापुढे काय लिहायचे?

हा प्रश्न इटलीत फार मोठा होता. गरिबी, कुमारी मातेच्या वाट्याला येणारी बदनामी आणि ‘मूल टाका, पण मारू नका’ ही चर्चची भूमिका यांतून एक व्यवस्था तयार झाली. तिचे नाव ‘रुओता’, म्हणजे चाक. आश्रमाच्या किंवा रुग्णालयाच्या भिंतीत आडवे फिरणारे एक लाकडी पिंप बसवलेले असे. बाहेरून बाळ त्यात ठेवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आतली बाई पिंप फिरवून बाळ उचलून घेई. ठेवणाऱ्याचा चेहरा कुणालाच दिसत नसे. ही पद्धत बाराव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये पोप तिसरा इनोसंट याने सुरू केली, अशी परंपरागत समजूत आहे.

फ्लॉरेन्समध्ये रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ मध्ये अशा मुलांसाठी खास वास्तू उभारायचे काम फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुकाराकडे सोपवले. तिचे नाव ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती’, निरागसांचे रुग्णालय. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी तिथे पहिले मूल दाखल झाले. ती मुलगी होती, आणि तिचे नाव ठेवले गेले आगाता स्मेराल्दा. या वास्तूत आज संग्रहालय आहे. तिथे अर्धी कापलेली पदके, मोडलेली नाणी, मणी अशा बारीकसारीक वस्तू जपून ठेवल्या आहेत. आई बाळाच्या कपड्यांत अर्धे पदक बांधून देई आणि उरलेले स्वतःकडे ठेवी. कधी दिवस पालटले आणि मूल परत न्यायला आलीच, तर दोन तुकडे जुळवून ओळख पटवता यावी, हा हेतू. बहुतेक तुकडे जुळलेच नाहीत.

या मुलांना मिळालेली आडनावे शहराशहरांत वेगळी होती. नेपल्सच्या आनुन्झियाता संस्थेत लॅटिन ‘एक्स्पोझितुस’वरून ‘एस्पोझितो’ लिहिले जाई, म्हणजे ‘बाहेर ठेवलेला’. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’, त्याचा अर्थ आणखी कठोर: ‘फेकलेले’. फ्लॉरेन्सकडे ‘इन्नोचेंती’, ‘देल्यीन्नोचेंती’ आणि त्यांची लहान भावंडे शोभावीत अशी रूपे. बोलोन्याकडे ‘देल्यी एस्पोस्ती’, सिसिलीत ‘त्रोवातो’ म्हणजे ‘सापडलेला’. मिलानमधल्या थोरल्या रुग्णालयाच्या चिन्हात कबुतर होते, म्हणून तिथली मुले ‘कोलोंबो’ झाली. (अमेरिका गाठणाऱ्या क्रिस्तोफोरो कोलोंबोचा, म्हणजे आपल्या कोलंबसाचा, याच्याशी संबंध नाही. तो जेनोवाचा, आणि त्याच्या कुळाचे नाव आधीपासूनचे.)

एकाच संस्थेतून शेकडो वर्षे हजारो मुले एकच आडनाव घेऊन बाहेर पडली, तर काय होते ते नेपल्समध्ये दिसते. एस्पोझितो हे तिथले आज सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेत थंड डोक्याचा गुस्ताव्हो फ्रिंग साकारणारा अमेरिकन नट जानकार्लो एस्पोझितो याचे वडील नेपल्सचेच. मिलानच्या आसपास कोलोंबोंची संख्या अशीच डोळ्यांत भरते. रोमचा लाडका रंगभूमी नट जिजी प्रोयेत्ती २०२० मध्ये गेला, तेव्हा त्या आडनावाचा मूळ अर्थ किती जणांच्या मनात आला असेल!

यांतले एक आडनाव मुंबईलाही वेगळ्या वाटेने येऊन गेले आहे. तोस्काना प्रांतातल्या पेशियात जन्मलेल्या फेर्दिनांदो इन्नोचेंती या उद्योजकाने १९४७ मध्ये मिलानजवळ लॅम्ब्रेटा स्कूटर बाजारात आणली. पुढे मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ती इथे बनवली आणि एका पिढीने पेट्रोलच्या टाकीपुढे मुलाला उभे करून, मागे बायकोला बसवून ती चालवली. अर्थात आडनाव इन्नोचेंती आहे म्हणून पूर्वज आश्रमातलाच होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. इन्नोचेन्झो या साध्या व्यक्तिनामावरूनही ते येऊ शकते. कोलोंबोचेही तसेच: कुणी कबुतरे पाळणारा असेल, तर कुणाच्या पणजोबाचे नावच कोलोंबो असेल. इटालियन आडनावांच्या अभ्यासकांना म्हणूनच आडनावाच्या अर्थापेक्षा त्या कुटुंबाची जुनी नोंद महत्त्वाची वाटते.

आता दुर्मीळपणाकडे येऊ. एस्पोझितो किंवा प्रोयेत्ती हे कपाळावरचे गोंदण होते. शाळेत, लष्करात, लग्नाच्या बोलणीत नाव सांगितले की जन्मकथा उघडी पडे. फ्रेंच क्रांतीनंतरच्या राजवटींना हे खटकू लागले. नेपल्सच्या गादीवर बसवलेला नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा याच्या काळात नव्या मुलांना एस्पोझितो लावण्यावर बंदी आली. मिलानमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशानंतर सरसकट कोलोंबो देणे थांबले. हेतू चांगला होता. पण त्याचा परिणाम असा, की रोज दाराशी येणाऱ्या बाळांसाठी रोज नवे आडनाव शोधायची जबाबदारी कारकुनावर आली.

मग त्यांची कल्पकता कामाला लागली. कुणी पंचांगातला संत घेतला, कुणी महिना, कुणी झाडाफुलांची नावे, कुणी भूगोलाच्या पुस्तकातली शहरे, कुणी रोमन इतिहासातले वीर. काही ठिकाणी अक्षरांचा क्रम लावून नावे पाडली गेली. जुन्या दिओतायेवी, म्हणजे ‘देव तुला वाढवो’, सारख्या आशीर्वादपर नावांचा धागाही चालू राहिला. काही कारकून दयाळू होते, काही कंटाळलेले, आणि काहींची विनोदबुद्धी त्या मुलाला जन्मभर पुरली. असे आडनाव एका माणसापासून सुरू होई. त्याला मुलगे झाले तर कुळ वाढे, नाहीतर तिथेच संपे. आजच्या इटलीत चार-दोन कुटुंबांपुरती उरलेली, अर्थ न लागणारी कितीतरी आडनावे या काळातली असू शकतात. ती पुरातन नाहीत, उलट रोस्सी आणि फेर्रारींपेक्षा कितीतरी तरुण आहेत.

एकोंनी हा विषय कथेतही आणला. ‘फूकोज पेंड्युलम’ या १९८८ च्या कादंबरीत दिओतायेवी नावाचे पात्र आपण ज्यू वंशाचे आहोत असे मानून चालते, आणि त्याचा सहकारी बेल्बो त्याला ऐकवतो की हे तर टाकलेल्या मुलांना देत ते नाव. घरची गोष्ट लेखकाने पात्राच्या तोंडी दिली, असेच म्हणावे लागते.

दुर्मीळपणाची आणखीही कारणे आहेत. आल्प्सच्या किंवा आपेनीन डोंगरांच्या एखाद्या खोऱ्यात काही कुळे शतकानुशतके तिथल्या तिथे राहिली, की त्यांचे आडनाव त्या एका तालुक्याबाहेर ऐकूच येत नाही. पाद्र्याचे अक्षर वाईट असेल, तर पुढच्या पाद्र्याने एक अक्षर चुकीचे वाचून नवीच शाखा जन्माला घातलेली असते. काही लांबलचक, रुबाबदार आडनावे सरंजामी आहेत. १९४८ च्या प्रजासत्ताक राज्यघटनेने सरदारकीचे किताब मोडीत काढले, पण २८ ऑक्टोबर १९२२ पूर्वीची जहागिरीची नावे नावाचा भाग म्हणून ठेवायला मुभा दिली.

आणि सर्वांत मोठे कारण निव्वळ योगायोगाचे. आडनाव फक्त मुलग्यांमार्फत पुढे जात असेल तर ज्या घरात मुली झाल्या किंवा मूलच झाले नाही तिथे ते बुडते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनला मोठमोठ्या घराण्यांची आडनावे का विझतात याचे कुतूहल वाटले. हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञासोबत त्याने १८७४ मध्ये यावर निबंध लिहिला. पुढे गाल्टन-वॉटसन प्रक्रिया म्हणून ओळखले गेलेले हे गणित आज अणुभट्टीतल्या साखळी अभिक्रियेपासून साथरोगांपर्यंत वापरले जाते. त्याचा सुरुवातीचा विषय मात्र आडनावांचे नामशेष होणे हाच होता.

याच्या अगदी उलट चित्र व्हेनिसजवळच्या कियोज्जा या मासेमारी गावात दिसते. तिथे बोस्कोलो आणि तियोझ्झो ही दोन आडनावे इतकी पसरली आहेत की कोण कोणता हे कळेना. शेवटी घराण्याची टोपणनावेच आडनावाला जोडून सरकारी कागदपत्रांत अधिकृतपणे उतरली.

आपल्या आडनावाचा शोध घेऊ पाहणाऱ्या इटालियन माणसाला रस्त्यावर आणि इंटरनेटवर ‘तुमच्या कुळाचे चिन्ह’ विकणारे हमखास भेटतात. आडनाव दुर्मीळ असले की ढालीवर सिंहही जास्त मोठा काढून मिळतो. खरा शोध त्याहून नीरस असतो. आधी नकाशावर पाहायचे की आडनाव कोणत्या जिल्ह्यात दाटले आहे. मग नागरी नोंदी चाळायच्या. दक्षिणेत त्या नेपोलियनच्या काळापासून मिळतात, देशाच्या बहुतेक भागांत १८६६ पासून. सरकारी अभिलेखागारांचे ‘अंतेनाती’ म्हणजे ‘पूर्वज’ हे संकेतस्थळ यांतल्या लाखो पानांची छायाचित्रे फुकट दाखवते. त्यामागे चर्चच्या वह्या. आणि शोध एकाएकी थांबून समोर ‘आईबाप अज्ञात’ असा शेरा आला, की समजायचे, आपले आडनाव इथे सुरू झाले.

चाके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून बंद पडली. फेर्राराने १८६७ मध्ये सुरुवात केली, पुढच्या वर्षी मिलानने, १८७५ मध्ये फ्लॉरेन्स आणि नेपल्सने. पण अज्ञात आईबापांची मुले संपली नाहीत. इटलीचा कायदा आजही आईला नाव न सांगता रुग्णालयात बाळंत होण्याची मुभा देतो, आणि अशा बाळाचे नाव-आडनाव जन्मनोंदणी अधिकारी ठरवतो. २००० सालच्या नियमांनी त्याच्यावर बंधने घातली आहेत: मुलाचा जन्म उघड करणारे आडनाव चालणार नाही, इतिहासातल्या नामवंत घराण्याचे किंवा त्या गावातल्या सुपरिचित कुटुंबाचेही नाही.

२०२२ मध्ये संविधान न्यायालयाने मुलाला बापाचेच आडनाव आपोआप लागण्याची रीतही रद्द केली. आता दोघांची आडनावे लागतात, किंवा एकमताने एकाचे. मुलीच असलेल्या घरांतल्या विरळ आडनावांना त्यामुळे आणखी एक पिढी मिळू शकते. अधिकाऱ्याने सुचवलेल्या नव्या आडनावांना मात्र ती संधी सहसा मिळत नाही. असे बाळ आता लवकर दत्तक जाते, आणि १९८३ च्या दत्तक कायद्याप्रमाणे त्याला नव्या आईबापांचे आडनाव लागते. कारकुनाने शोधलेले आडनाव काही आठवडे किंवा महिने चालते आणि बंद फाइलीत राहते.